विहिरीच्या पाण्याचे दात

मी खर्रा खात नाही. आयुष्यात कधी तोंडाला लावला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझे दात बघून लोक तेच धरून चालतात. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही पानठेल्यावर मिळतो. तो वर्षानुवर्षं खाणाऱ्या माणसाचे दात जसे दिसतात, तसेच माझे दिसतात. पिवळट, मधे तपकिरी पट्टे, कुठे कुठे बारीक खड्डे.

गंमत अशी की अठरा वर्षांची होईपर्यंत मला हे ठाऊकच नव्हतं. माझं माहेर मुकुटबनच्या बाजूचं. आईचे दात असेच, बाबांचे असेच, वर्गातल्या पोरींचेही असेच. आम्हाला वाटायचं, माणसाचे दात असेच असतात. टीव्हीतल्या बायकांचे पांढरे असतात, कारण त्या टीव्हीतल्या आहेत! मग मी कॉलेजसाठी यवतमाळला आले आणि वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एका पोरीने अगदी भोळेपणाने विचारलं, "काहून वं, तू खर्रा खाते का?"

मी हसले. हसल्यावर ती माझ्या दातांकडेच बघत राहिली. त्या दिवसापासून बोलताना ओढणी तोंडावर धरायची सवय लागली, ती पुढे कितीतरी वर्षं सुटली नाही.

आणि मग मी ते दात घासायला घेतले. घासायला म्हणजे काय, अक्षरशः खरवडायला. वसतिगृहाच्या मागे बांधकाम चालू होतं, तिथून विटेचा तुकडा आणला, कुटला, ओढणीतून गाळला आणि त्या भुकटीने सकाळ-संध्याकाळ दात घासले. कोणी सांगितलं कोळसा, तर कोळसा. कोणी म्हटलं लिंबू नि मीठ, तर तेही. दोन महिन्यांत अशी गत झाली की गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जायची. चहा गरम नको, पाणी गार नको, चिंच तर नुसती बघूनच अंगावर काटा. पट्टे मात्र जिथल्या तिथे.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. तिथली दातांची डॉक्टरीण वयाने माझ्याहून फार मोठी नसेल. तिने आ करायला सांगितलं, आरसा घालायच्या आधीच विचारलं, "गाव कोणतं?" मी सांगितलं. "बोरिंगचं पाणी पिता ना?" मी म्हटलं, हो, अख्खं गाव पितं.

"पाण्यातलं फ्लोराइड आहे हे," ती म्हणाली. "तुमच्या भागात खोल दगडातून पाण्यात उतरतं. हा रंग वरून लागलेला नाही. दात हिरडीच्या आत तयार होत असतो, तेव्हाच तो आतून येतो. तू जे घासून काढते आहेस ना, तो डाग नाही, तो तुझा दात आहे."

मग तिने मला मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, असं सांगितलं. विटा घर बांधायला ठेव म्हणाली. मी विचारलं, "मग हे जाणार नाहीत?"

"घासून तर नाहीच. पण तुला लेकरं होतील तेव्हा लक्षात ठेव. ती आठ वर्षांची होईपर्यंत त्यांना ते पाणी द्यायचं नाही. उकळूनही नाही. उकळल्याने उलट वाढतं."

असा राग आला मला! मी आले होते माझ्या दातांसाठी, आणि ही बाई मला जन्मालाही न आलेल्या लेकराचे दात सांगत होती. रागारागात वसतिगृहावर आले. विटेची भुकटी मात्र त्याच संध्याकाळी फेकून दिली.

लग्न मारेगावच्या पुढच्या एका गावात झालं. पाहायला आले तेव्हा मी ओठ मिटून बसले होते. पाहुण्यांनी तोंड उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. सगळ्यांचे दात माझ्यासारखेच! पसंती व्हायला दातांची आडकाठी आली नाही, हे त्या पाण्याचे एवढेच उपकार.

आणि तेच पाणी सासरी दारात होतं. अंगणासमोर हातपंप. गावात सगळे त्याला बोरिंगच म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी कोरड्या वर्षात तहसीलला खेटे घालून घालून तो आणलेला. ते माझ्या लग्नाआधीच वारले, पण पंप होता आणि भर मे महिन्यातही त्याचं पाणी तुटत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "माह्या मालकानं गावाले अमृत देलं." मधे कोणी सरकारी माणूस येऊन पंपाला लाल रंग फासून गेला होता, हे पाणी पिऊ नये म्हणून. तो रंग हातांनी घासून घासून निघून गेला. सासूबाई दर दसऱ्याला पंपाला झेंडूचा हार घालायच्या. आता अशा घरात सुनेनं उभं राहून म्हणायचं, की हे पाणी माझ्या लेकराला नको!

मी म्हटलं. मुलगी सहा महिन्यांची झाली, वरचं पाणी सुरू करायची वेळ आली, त्याच दिवशी म्हटलं. त्याआधी गावातल्या दोन्ही पाण्यांच्या बाटल्या भरून तालुक्याला तपासायला दिल्या होत्या. बोरिंगचं पाणी पिण्यालायक नव्हतं. देवळामागच्या उघड्या विहिरीचं चालत होतं, गाळून आणि आरोग्य खात्याच्या आशाताईने दिलेले औषधाचे थेंब टाकून. विहीर घरापासून चांगली लांब. गावाबाहेर पडायचं, नाला ओलांडायचा, एक चढ चढायचा.

"दारात पानी असून इहिरीवर कायले जाते वं?" सासूबाईंनी विचारलं.

"पोरीच्या दातांसाठी."

"तिले दात तरी आले का अजून?"

"येतील त्यांच्याचसाठी."

त्यांनी कपाळावर हात मारला. नवरा मध्ये बसून भाकर खात होता. तो म्हणाला, "करून राह्यली त करू दे न, आई." त्याच्याकडून एवढंच समर्थन, पण ते पुरलं.

तेव्हापासून रोज सकाळी कमरेवर एक गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा. सांडलं-लवंडलं तर दोन. नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायका वाटच बघत असायच्या. "काखेत कळसा अन् गावाले वळसा!" एकजण म्हणायची आणि बाकीच्या दात काढायच्या. दुसरी म्हणायची, "राजकन्या नाहाते का काय इहिरीच्या पान्यानं?" मी काही कमी नव्हते. म्हणायचे, "नाही बाई, नुसते दात धुते. तुमाले पायजे का थोडं?" पण चढावर एकटी असले की डोळ्यांत पाणी यायचं. लोकांच्या बोलण्याने नाही. वाटायचं, मी एवढं करून राहिले आहे, आणि जिच्यासाठी करते तिचा तो दात कुठे आहे? हिरडीच्या आत. दिसत नाही, हाताला लागत नाही. आणि आतल्या आत रोज थोडा थोडा तयार होतो आहे.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. कापूस वेचायचे दिवस होते. मी सकाळी विहिरीवर जाऊन यायचे, पाणी गाळून, थेंब टाकून, झाकणाच्या छोट्या माठात भरून ठेवायचे आणि वेचणीला निघायचे. पोरगी सासूबाईंजवळ. एके दिवशी बोटात काटा गेला, बोट टम्म सुजलं, म्हणून दुपारीच घरी परतले. बघते तर चुलीवर पातेलं. पाणी खळखळ उकळतंय. बाजूला परातीत दुसरं पाणी निवायला ठेवलेलं, आणि सासूबाई मांडीवर पोरीला घेऊन वाटीने पाजताहेत. माठ भरलेलाच होता.

"हे कुठलं पाणी?"

"आपलंच. बोरिंगचं." आणि मोठ्या कौतुकाने पुढे, "चांगलं उकळलं न मी! त्यातलं जहर-बिहर सारं मेलं असन. तुह्या इहिरीच्या पान्यानं पोट बिघडलं होतं तिचं दिवाळीच्या टायमाले. तवापासून मी हेच देऊन राह्यली."

दिवाळीपासून. म्हणजे माझं विहिरीचं पाणी दिवाळीपासून तुळशीला जात होतं.

मी ते पातेलं उचललं आणि अंगणात पालथं केलं. हात भाजला, त्याचंही भान नव्हतं. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं. "वरणात मीठ जास्त झालं आणि ते तुमी उकळलं, त मीठ उडून जाते का? वरण आटते अन् आणखीन खारट होते! तसंच केलं तुमी हे!"

त्यांनी पालथं पातेलं उचलून सरळ केलं. पन्नास वर्षं स्वयंपाक केलेली बाई. खारट वरण तिला मला समजावून सांगावं लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी इख देलं का माह्या नातीले?"

मी उत्तर दिलं नाही. नाही म्हणाले असते तर त्यांचा जीव हलका झाला असता, आणि मला तो हलका करायचा नव्हता. खरं सांगते, नव्हता करायचा.

आठवडाभर आम्ही बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, मिठा-मिरचीपुरतं. मी पोरीला घेऊन तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. ही दुसरी होती, पण बोलणं तेच. तिने पोरीचे दुधाचे दात पाहिले, छान आहेत म्हणाली. रात्री दूध पिऊन तसंच झोपू देऊ नका, बोटाएवढा ब्रश घ्या, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. मी विचारलं, आतल्या दातांचं काय? "ते आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. वरचे समोरचे पक्के दात सातव्या वर्षी येतील, तेव्हाच कळेल. खालचे आधी येतात, पण त्यांच्यावर खूण कमी दिसते."

म्हणजे पाच वर्षं. झालेलं झालं होतं, पण पुढचं माझ्या हातात होतं. मी ठरवलं, आता एक थेंबसुद्धा नाही.

वेचणीला मी पोरीला सोबत न्यायला लागले. पाण्याची बाटली तिच्या गळ्यात, दोरीने बांधलेली. अंगणवाडीत जायला लागली तेव्हा तिथली खिचडीही बोरिंगच्या पाण्यात शिजायची. बाईंना म्हटलं, शिजवायचं पाणी मी आणून देते. त्या म्हणाल्या, एकट्या तुझ्या पोरीची खिचडी वेगळी शिजवू का? मी म्हटलं, साऱ्यांचीच शिजवा. मग रोज दोन गुंड जास्त. नवऱ्याने मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन बांधायची सोय केली, आणि कधी मूड असला तर तोही जायचा. गावात पाणी शुद्ध करायचं मशीनही आलं मधे. वर्षभर चाललं, बिघडलं, आणि तसंच कुलूप लावून उभं आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते नात्यागोत्यात. घाटंजीला नणंदेच्या घरी लग्न होतं. पोरीला कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला, मी तो हातातून काढून घेतला आणि आपली बाटली दिली. नणंदेच्या सासूने ते पाहिलं. भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरचं पानी चालत नाही का वो तुमाले? आमी काही हलक्या जातीचे हाओ का?"

मांडवातल्या माना आमच्याकडे वळल्या. पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजतं. नणंद रडकुंडीला आली. माझा पदर नेहमीसारखा तोंडावर होता. काय सांगू, फ्लोराइड सांगू? खोल दगड सांगू? मी पदर खाली घेतला, त्या बाईसमोर गेले आणि वरचा ओठ बोटाने उचलून सगळे दात दाखवले.

"हे पाहा मामी. मी खर्रा खात नाही, गुटखा खात नाही. हे बोरिंगच्या पाण्यानं झालं. तुमच्या बोरिंगचं कसं आहे ते मला माहीत नाही, म्हणून कोणाच्याच घरचं देत नाही. तुमच्या घरी मी दहा ग्लास पिते, आणा. हिला नका देऊ."

त्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नकळत स्वतःचे ओठ मिटले. मग म्हणाली, "बस बापा. जेवून घे." मी तिच्याच हातून दोन ग्लास पाणी प्यायले. बाजूला सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

पोरगी सहा वर्षांची झाली. खालचे दोन दात पडले, नवे आले, पांढरे आले. सासूबाई हरखल्या. मी हरखले नाही. खालच्यांची साक्ष डॉक्टरने आधीच बाद केली होती. मग वरचा एक हलायला लागला. रोज सकाळी दात घासताना ती तो जिभेने ढकलून मला दाखवायची. एक दिवस भाकरीच्या घासासोबत हातात आला. सासूबाईंनी तो टिनाच्या छपरावर फेकला आणि उंदराला सांगितलं, "जुना घे, नवा दे. पन पांढरा देजो रे बापा." शेवटचं त्या हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मधल्या काळात मला दुसरं लेकरू झालं होतं, मुलगा. तोही सहा महिन्यांचा होत आला होता, आणि माझ्या कंबरेने आता गुंडासाठी कुरकुर सुरू केली होती.

वरचा दात यायला दोन महिने लागले. आधी हिरडीवर फुगवटा आला, मग करवतीसारखी बारीक कड. कड पांढरी होती. मी रोज सकाळी पोरीला अंगणात उन्हात उभी करायचे आणि बघायचे. पाव दात आला, पांढरा. अर्धा आला, आणि एका सकाळी मला ती दिसली. दाताच्या मधोमध आडवी एक रेघ. खडूने ओढावी तशी, बारीक. तिच्या खाली स्वच्छ, आणि पुढे पंधरा दिवसांनी दात उरलेला खाली उतरला तेव्हा तिच्या वरही स्वच्छ. बाजूचा दात आला, त्याच्यावरही त्याच उंचीला तशीच रेघ.

डॉक्टर म्हणाली, "फार छान दात आहेत. ही रेघ काही नाही, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोन-अडीच वर्षांची असताना काही महिने पाण्यात बदल झाला होता का?"

मी म्हटलं, झाला होता.

घरी आले. पोरगी धावत आजीकडे गेली, तोंड उघडून दाखवायला. सासूबाईंनी चष्मा लावला, तिची हनुवटी धरली, उन्हाकडे वळवली. खूप वेळ बघितलं. मग पोरीला खेळायला पाठवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मधात रेघ हाय."

"हव."

"माह्या उकळलेल्या पान्याची हाय ना ते?"

पाच वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. चढावर गुंड घेऊन चालताना मनात किती वेळा उत्तर दिलं होतं, किती धारदार करून ठेवलं होतं! आणि आता ही म्हातारी समोर बसलेली, गुडघे आखडलेले, तोंडात चारच दात, तेही माझ्याहून काळे. तिच्या माहेरीही खोल दगडातलंच पाणी, आणि तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी कोणीच विहिरीवर गेलं नव्हतं. धार कुठल्या कुठे गेली माझी. पण खोटंही बोलवेना.

"हव, आई. तुमचीच हाय," मी म्हटलं. "पण तेवढी रेघ सोडली त बाकीचा सारा दात पांढरा हाय."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मी आत गेले, बाळाला पाजायला घेतलं. बाहेर भांड्याचा आवाज झाला. बाळाला घेऊनच दाराशी आले, तर सासूबाई गुंड कमरेवर घेऊन अंगणातून निघालेल्या. आपल्या मालकाच्या पंपाजवळून गेल्या, त्याच्यावर एकदा हात ठेवला, आणि पुढे चालायला लागल्या. मी हाका मारल्या, "आई, राहू द्या, पडाल तुमी!" ऐकतील तर शपथ.

त्या परत यायला दुपार झाली. गुंड अर्धाच भरलेला, लुगडं भिजलेलं. सोबत नाल्यावरची एक शेजारीण होती, तीच कळशाची म्हण म्हणणारी. तिनेच मग सगळं सांगितलं. तिने सवयीने म्हटलं होतं, "काय वो बुढे, काखेत कळसा अन् गावाले वळसा?" तर सासूबाई थांबल्या, गुंड खाली ठेवला, आणि साऱ्या बायकांसमोर तोंड उघडून आपले चार काळे दात दाखवले. म्हणाल्या, "हा पाह्य कळसा."

शेजारीण सांगताना हसली नाही. तिच्याही सुनेला दिवस गेले होते. जाता जाता तिने विचारलं, ते औषधाचे थेंब कोणाकडे मिळतात?

सासूबाई ओसरीवर टेकल्या, धापा टाकत होत्या. मी त्यांच्या हातातून गुंड घेतला. बाळाने पाण्याकडे बघून हात मारला. त्यांनी त्याच्या गालावरून ओला हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "गाळून घे. थेंब टाक. झाकन ठेव." मग जरा थांबून, "अन् आयक, उकळू नोको."